हात्तिच्या, मेणाचा पुतळा!

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही ठाण्याला एकाच सोसायटीतल्या नऊ जणी गेली चार वर्षं मिळून पुस्तकं वाचतो. पाळीपाळीने एकेक जण पुस्तक निवडते, दोन महिन्यांनी कुणाच्या तरी घरी जमायचं, चहा आणि काहीतरी तळलेलं, आणि मग गप्पा. यंदा पावसाळ्यात माझी पाळी आली. म्हटलं बाहेर धो धो पाऊस, वातावरण मस्त, एखादं जुन्या वाड्याचं, भुताटकीचं सस्पेन्स घेऊ. 'द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो' ही असल्या सगळ्या पुस्तकांची आजी आहे असं ऐकलं होतं म्हणून तेच सांगितलं. ताई, माझा असा पोपट झालाय की विचारू नका. सातशे पानं! पहिल्या दीडशे-दोनशे पानांत वाडाच येत नाही. मग तो काळा पडदा येतो, एमिली तो उचलते, बेशुद्ध पडते, आणि आत काय होतं ते लेखिका सांगतच नाही. मी त्या पडद्यासाठी जीव मुठीत धरून वाचत राहिले आणि शेवटी काय, तर मेणाचा पुतळा. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, बाईच म्हणतो आम्ही त्यांना, त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'तू आमचे दोन महिने फुकट घालवलेस.' माझ्या नणंदेने तर पुस्तक संपवल्या संपवल्या ग्रुपवर 'मेण आहे, वाचू नका' असं टाकून दिलं, तेव्हा निम्म्या जणींचं वाचून व्हायचं होतं. सगळ्यात लहान मेंबर आहे सव्वीस वर्षांची, ती म्हणते त्या काळच्या लोकांना हे भारीच वाटलं असणार, तुम्ही आजच्या नजरेने बघताय म्हणून बोअर होताय. ताई, खरं सांगू, पडदा उघडेपर्यंत मला आवडत होतं. आता ते बोलायचीही लाज वाटते. पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे. मी सॉरी म्हणू का? पुढच्या वेळची माझी पाळी सोडून देऊ का? आणि क्लासिक पुस्तकाला टुकार म्हटलेलं चालतं का हो?

— एक वाचक, ठाणे

उत्तर

अगं, तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की घरातले विचारायला आले काय झालं. तुला नाही हसले गं, मला माझं आठवलं. एम.ए.ला असताना हेच पुस्तक मी लायब्ररीतून आणलं होतं, जाडजूड, पिवळं पडलेलं, आणि शेवटाकडे जिथे त्या मेणाच्या पुतळ्याचा खुलासा येतो त्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने, चांगल्या वळणदार देवनागरीत लिहिलं होतं, 'हात्तिच्या!' बास, एवढंच. त्या अनोळखी वाचकाशी माझं तेव्हापासून नातं आहे. आता तुझ्याशीही झालं.

तर आधी तुझ्या त्या सव्वीस वर्षांच्या मैत्रिणीचं बघू, कारण ती प्रेमाने बोलतेय पण चुकतेय. त्या काळच्या लोकांना भारी वाटलं असणार, हो, वाटलंच. पुस्तक आलं 1794 मध्ये, चार खंडांत, आणि प्रकाशकाने लेखिका ॲन रॅडक्लिफला त्याचे 500 पौंड दिले, जे तेव्हा कादंबरीसाठी क्वचितच कुणी देत असे, पुढच्या 'द इटालियन'ला तर 800 मिळाले असं सांगतात. पण भारी वाटलं म्हणजे तक्रार नव्हती असं नाही. त्याच वर्षी 'क्रिटिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात एक निनावी परीक्षण आलं, त्यात कौतुक भरपूर आहे पण मुद्दा नेमका तुझाच आहे, की लेखिकेने उत्सुकता इतकी वर नेऊन ठेवलीय की तिला पुरेल असं उत्तर कुठलंच असू शकत नाही. वॉल्टर स्कॉटसारखा मोठा कादंबरीकार, जो रॅडक्लिफला मनापासून मानायचा, त्यानेही पुढे तेच म्हटलं, रहस्य एवढं मोठं आणि खुलासा एवढासा. म्हणजे डोंगर पोखरून उंदीर निघाला ही ओरड लंडनमध्ये सव्वादोनशे वर्षांपूर्वीच झालेली आहे. तेव्हा तिला सांग, आपण आजच्या नजरेने बघत नाही आहोत, आपण अगदी 1794 च्याच नजरेने बघतोय.

आणि हो, एक दुरुस्ती. ही आजी नाही. आजी म्हणजे 'द कॅसल ऑफ ओट्रॅन्टो', 1764 चं, होरेस वॉलपोलचं, ज्यात पहिल्या काही पानांतच आकाशातून एक अवाढव्य शिरस्त्राण पडून नवरामुलगा चिरडला जातो. तिथे कसला पडदा न कसलं काय, सगळं धडाधड. गंमत म्हणजे रॅडक्लिफचा जन्मही 1764 चाच. तेव्हा युडॉल्फो म्हणजे फार तर या घराण्यातली मोठी मावशी म्हण, जिच्या गोष्टी लांबतात, पण घरातल्या सगळ्यांनी गोष्ट सांगायची पद्धत उचलली ती तिचीच.

आता पडद्याचं. ज्यांनी वाचलं नाही आणि ज्यांच्या नणंदेने अजून सांगितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते (हे सदर वाचून कुणी युडॉल्फो हातात घेईल अशी शक्यता कमीच आहे, तरी ज्यांना घ्यायचंय त्यांनी दोन परिच्छेद सोडून पुढे जा). एमिली ही फ्रान्समधली अनाथ झालेली मुलगी, 1584 सालची. तिची आत्या मोंटोनी नावाच्या इटालियन माणसाशी लग्न करते आणि तो दोघींना डोंगरातल्या युडॉल्फोच्या किल्ल्यात घेऊन जातो. या किल्ल्याची आधीची मालकीण लॉरेन्टिनी गायब झालेली आहे. एका दालनात काळ्या पडद्यामागे काहीतरी आहे. एमिली पडदा उचलते, बघते आणि कोसळते. आपल्याला कळत नाही. तिची समजूत होते की मोंटोनीने लॉरेन्टिनीचा खून केला आणि हे तिचंच प्रेत. हे होतं दुसऱ्या खंडात. चौथ्या खंडात, अगदी संपता संपता, लेखिका सहज सांगितल्यासारखं सांगते की ते प्रेत नव्हतं, मेणाचा पुतळा होता, किडे लागलेल्या मृतदेहाचा, त्या घराण्यातल्या एका जुन्या पुरुषाला चर्चने प्रायश्चित्त म्हणून रोज त्याच्याकडे बघायला लावलं होतं आणि त्याने मृत्युपत्रातच लिहून ठेवलं की हा इथून हलवलात तर मालमत्तेचा हिस्सा चर्चकडे जाईल. झालं. आणि लॉरेन्टिनी? ती जिवंत आहे, फ्रान्समध्ये नन होऊन राहिलीय, आणि मरण्याआधी तिची भयंकर कबुली येते.

आता मला सांग, तुला राग नेमका कसला आला? भूत नव्हतं याचा? मला नाही वाटत. कारण आपण असल्या खुलाशांवरच वाढलोय. 1964 चा 'वो कौन थी' घे. पावसात पांढऱ्या साडीतली बाई, गाणं, थडगं, सगळं सगळं आणि शेवटी काय तर इस्टेटीसाठी केलेला कट. आपण थिएटरातून चिडून बाहेर आलो का? नाही, उलट 'बघ बघ, मला वाटलंच होतं' करत आलो. तिथे भूत नाही निघालं तरी कुणीतरी होतं, त्या माणसाचा हात होता, हेतू होता, नायकाला वेडं ठरवायचं होतं. युडॉल्फोतल्या पडद्यामागे कुणाचाच हात नाही. तो पुतळा एमिलीला घाबरवायला ठेवलेला नाही, मोंटोनीचा त्याच्याशी काही संबंध नाही, एमिलीने उचलला नसता तर तो तसाच धूळ खात पडला असता. मेण आहे म्हणून पोपट होत नाही गं, त्या मेणाचा गोष्टीशी धागाच जुळत नाही म्हणून होतो. धारप वाचलेल्या माणसाला तर दुप्पट राग येणार, कारण तिथे भूत म्हणजे भूत, त्याला मेणाबिणाची पळवाट नाही.

आणि मी म्हणते एवढ्या एका पडद्यावर का थांबायचं, फसवणुकीचं खरं उदाहरण तुम्ही कुणी काढलंच नाही. एमिलीचे वडील मरताना सांगतात की काही कागद आहेत ते न वाचता जाळून टाक. ती जाळायला जाते, चुकून एकदोन ओळींवर नजर पडते आणि हादरते. त्या ओळीत काय होतं? संपूर्ण पुस्तकात कुठे नाही! त्या कागदांचा विषय काय होता ते शेवटी कळतं, पण ती ओळ आपल्याला कधीच दाखवत नाहीत. मेणाचा निदान हिशेब तरी मिळतो. आणि मोंटोनी, सातशे पानांचा खलनायक, तो मरतो कुठे? वाचकाच्या नजरेआड, तुरुंगात, दोनचार वाक्यांत उरकलंय, कदाचित विषप्रयोग असेल म्हणून. बाईंना याची आठवण करून दे, त्यांना अजून रागवायला मिळेल.

तर टुकार म्हणायचं का? म्हण की. क्लासिक म्हणजे काय देवाचा प्रसाद आहे का, की नाही आवडला तरी डोळ्याला लावून खायचा? फक्त अख्ख्या पुस्तकाला म्हणू नकोस, जे टुकार आहे त्याला म्हण. शेवटचा हिशेब टुकार आहे. कवितांचं भरताड टुकार आहे, मुखपृष्ठाच्या आतच लिहिलंय की मध्ये मध्ये कविता घातल्यात, म्हणजे सूचना दिलेली होती. डोंगरदऱ्यांची वर्णनं, ती मात्र मला आवडतात, आणि हे लक्षात घे की रॅडक्लिफ तोवर इटलीला गेलेलीच नव्हती, आणि नंतरही कधी गेली नाही. चित्रं बघून आणि लोकांची प्रवासवर्णनं वाचून तिने तो सगळा आल्प्स आणि अपेनाइन उभा केला. नवरा पत्रकार, रात्री उशिरा यायचा, आणि ही घरी एकटी बसून लिहायची असं सांगतात. मला ते चित्र फार आवडतं, लंडनमधलं घर, शेकोटी, बाहेर धुकं, आणि ही बाई स्वतःला घाबरवत बसलीय.

आता मूळ गोष्ट सांगते, ज्यासाठी मी एवढं लांबड लावलं. तुम्ही नऊच्या नऊ जणी एका पडद्याकडे बघत बसलात आणि भीती दाराशी उभी होती.

दार आठवतंय का? किल्ल्यात एमिलीला जी खोली देतात तिला दोन दारं असतात. त्यातलं एक जिन्याकडे उघडतं, आणि रात्री ती ते बंद करायला जाते तेव्हा तिच्या लक्षात येतं की आतल्या बाजूला कडीच नाही. कड्या आहेत, पण बाहेरून. म्हणजे तिला ते लावता येत नाही, बाहेरच्या कुणालाही येतं. सकाळी उठते तर ते बाहेरून लागलेलं असतं, म्हणजे रात्री कुणीतरी तिथवर आलं होतं. मला सांग, हे वाचताना तुझ्या अंगावर काटा आला की नाही? आणि याचा खुलासा मेणाने होत नाही. खुलासा करायची गरजच नाही. ज्या बाईने कधी परक्या घरात, लग्नाच्या गर्दीत, हॉस्टेलवर, नातेवाइकांकडे रात्र काढताना झोपायच्या आधी कडी चाचपून बघितलीय तिला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि दुसरी गोष्ट, सही. मोंटोनीला प्रेताबितात रस नाही, त्याला आत्याची इस्टेट हवीय. लग्नाआधी तिने तूलूजकडच्या जमिनी स्वतःच्या नावावर राखून ठेवलेल्या असतात आणि त्या मिळवायला त्याला तिची सही लागते. ती देत नाही. मग तो तिला बुरुजात कोंडतो, ती तिथे तापाने अंथरूण धरते आणि मरते. मरताना इस्टेट भाचीला. मग तीच सही भाचीकडे मागायला सुरुवात. इंग्लंडमध्ये तेव्हा कायदा असा की लग्न झालं की बाईचं जे काही असेल ते नवऱ्याच्या ताब्यात, वेगळा करारनामा केलेला नसेल तर. हे पुरतं बदललं ते थेट 1882 च्या कायद्याने, म्हणजे पुस्तक आल्यावर 88 वर्षांनी. 1794 मधली जी बाई वाचनालयातून हे पुस्तक घरी नेऊन वाचत होती तिला इटलीतल्या किल्ल्याचं भय वाटत नव्हतं, तिला शेजारच्या घरातलं भय वाटत होतं, फक्त त्याला बुरूज आणि दऱ्या लावून दिल्या होत्या, म्हणजे नवऱ्यासमोर बसूनही वाचता येईल. आपल्याकडे 'इथे सही कर गं, बाकी आम्ही बघतो' हे वाक्य ऐकलेली एक तरी बाई तुमच्या नऊ जणींत असेल. भावांनी हक्कसोड पत्र पुढे केलेलं असेल, किंवा सासऱ्यांनी. तिला विचारू नका, पण मोंटोनी आत्यापुढे कागद ठेवतो तो प्रसंग मोठ्याने वाचा आणि गप्प बसा. बघ कुणीतरी बोलेल.

म्हणून म्हणते, पडदा उघडेपर्यंत आवडत होतं असं तू लिहिलंस ना, त्यात लाज कसली. तुला पडदा आवडत नव्हता, तुला जे आवडत होतं ते पडद्याच्या आजूबाजूला चाललेलं होतं, पण पडदा मध्ये टांगलेला असल्यामुळे श्रेय त्याला गेलं. रॅडक्लिफने स्वतः एका निबंधात, जो ती गेल्यावर 1826 मध्ये छापला गेला, दोन भीतींत फरक केलाय, एक धूसर, जिने मन जागं होतं, पसरतं, आणि दुसरी समोर येऊन उभी राहते तेव्हा मन आक्रसतं, थिजतं. तिची सगळी कमाई पहिल्या भीतीतली. पडदा बंद असेपर्यंत ती राणी आहे. उघडला की तिच्याकडे काही नाही, आणि तिला ते माहीत असणार, म्हणून तर उघडल्यावरही तिने दोन खंड आपल्याला दाखवलं नाही!

अजून एक कारण सांगू का तुमच्या वैतागाचं? तुम्ही वाचलं चुकीच्या चालीने. रागावू नकोस. ही पुस्तकं तेव्हा लोक विकत क्वचितच घेत, महाग असत, वर्गणी भरून वाचनालयातून आणत, आणि चार खंड म्हणजे एका वेळी चार घरांत वाचली जात. पडदा उचलला गेला, एमिली पडली, दुसरा खंड संपवलास, आणि तिसरा खंड कुणीतरी नेलेला. आता थांब. त्या थांबण्यात बायकांनी एकमेकींना विचारलं असेल, तुला काय वाटतं, काय असेल? माझ्या लहानपणी आमच्या गावच्या वाचनालयात हेच व्हायचं, भाग दुसरा नेहमी कुणाकडे तरी 'गेलेला' असायचा आणि आम्ही दोघी मैत्रिणी त्या आठवड्यात जो भाग दुसरा मनाने रचायचो तो मूळपेक्षा कितीतरी भयानक असायचा. पडद्याची खरी मजा त्या रिकाम्या आठवड्यात होती. तुम्ही बहुतेक जणींनी फोनवर फुकट उतरवून, तारीख लावून, पानं मोजत वाचलंत, आणि त्यात नणंदबाईंनी ग्रुपवर मेण ओतलं.

त्या नणंदेचं मात्र बघ हं, ते मी हसण्यावारी नेणार नाही. पुस्तक आवडलं नाही हे सांगणं वेगळं आणि दुसरीचा वाचायचा हक्क काढून घेणं वेगळं. पण ग्रुपवर बोलू नकोस, तिथे ते नणंद-भावजयीचं प्रकरण होईल आणि बाकीच्या सात जणी पॉपकॉर्न घेऊन बसतील. एकटीला गाठ, चहाला बोलाव, आणि सांग की ताई (किंवा नावाने हाक मारत असशील तर नावाने), शेवट मीटिंगच्या दिवसापर्यंत कुणी लिहायचा नाही असं आपण सगळ्यांनीच ठरवूया का. 'सगळ्यांनीच' या शब्दावर जोर.

बाईंबद्दल. दोन महिने फुकट गेले असं म्हणणाऱ्या माणसाने पुस्तक संपवलंय हे विसरू नकोस. ज्याला खरंच फुकट वाटतं तो शंभराव्या पानावर सोडतो. बाईंनी सातशे पानं वाचली, त्या चिडल्यात म्हणजे त्यांचाही जीव त्या पडद्यात अडकला होता. सॉरी म्हणू नकोस. सॉरी म्हटलंस की निवड म्हणजे गुन्हा ठरतो आणि मग पुढची प्रत्येक जण भीतीने तेच ते सर्वांना आवडणारं, सुटसुटीत, दोनशे पानी काहीतरी आणेल आणि तुमचा ग्रुप सहा महिन्यांत नुसता चहाचा होईल, बघितलेत मी असे. त्याऐवजी मीटिंगला पहिला प्रश्न बाईंना टाक: मेण आहे हे कळायच्या आधी तुम्हाला काय वाटलं होतं, आत काय असेल? खरं खरं सांगायला लाव. एकेकीला विचार. नऊ जणींच्या डोक्यात नऊ वेगळी प्रेतं असतील, आणि मी पैज लावते बाईंचं सगळ्यात भयंकर असेल, शिक्षिका आहेत त्या, पेपर तपासताना काय काय मनात येत असेल त्यांच्या.

आणि पाळी सोडायची तर अजिबात नाही, उलट पुढचं पुस्तक पण तूच सुचव, 'नॉर्दँगर ॲबी', जेन ऑस्टिनचं. हे ऐकल्यावर तुझ्या मैत्रिणींना हसू फुटेल, कारण त्यातली सतरा वर्षांची नायिका कॅथरीन युडॉल्फो वाचतेय, अर्ध्यावर आहे, त्या काळ्या पडद्यापाशीच अडकलीय, आणि मैत्रिणीला बजावते की मला सांगू नकोस हं काय आहे ते, सांगाडाच असणार, लॉरेन्टिनीचाच असणार! म्हणजे स्पॉयलरवरून भांडण तिथेही. मग ती खरोखरच्या एका जुन्या घरात पाहुणी म्हणून जाते, वादळी रात्र, कपाट, त्यात गुंडाळलेले कागद, मेणबत्ती विझते, रात्रभर थरथरते, आणि सकाळी बघते तर धोब्याची बिलं. ऑस्टिनने पोपट केला, पण इतका मुद्दाम, इतका प्रेमाने केला की आपण कॅथरीनवर रुसत नाही. शिवाय पुढे मेख आहे. त्या घराचा मालक जनरल, त्याने बायकोला मारलं असेल असा कॅथरीनला संशय, तो खोटा निघतो, पण तिच्याकडे वाटला होता तेवढा पैसा नाही हे कळल्यावर हाच माणूस तिला रातोरात निरोप धाडून सकाळी एकटीला घराबाहेर काढतो. भूत नाही, खून नाही, इस्टेटच. ऑस्टिनने रॅडक्लिफची टिंगल केली असं सगळे म्हणतात, मला तर वाटतं तिने कडी आणि सही दोन्ही नीट वाचली होती.

हे पुस्तकही रखडलेलं आहे बरं का, 1803 मध्ये ऑस्टिनने ते प्रकाशकाला 10 पौंडांना विकलं, त्याने छापलंच नाही, 1816 मध्ये तेवढेच पैसे देऊन परत घ्यावं लागलं, आणि बाहेर आलं ते 1817 च्या डिसेंबरात, ती जुलैत गेल्यानंतर. रॅडक्लिफला 500 आणि हिला 10, हाही विषय मीटिंगला चालेल. आणि मुख्य म्हणजे पुस्तक छोटं आहे, बाईंना सांग, युडॉल्फोच्या निम्मंही नाही.

यातलं गंमतीदार म्हणजे तुमच्यासारखी तयारी करून फार थोडे लोक 'नॉर्दँगर ॲबी' वाचतात. बाकीचे लोक तळटीप वाचून पडद्याचा विनोद समजून घेतात. तुम्ही नऊ जणी तो भोगून बसलाय.

आता जी मंडळी अजून युडॉल्फोच्या मधेच अडकली असतील (पत्रावरून निदान दोघी तिघी असाव्यात) त्यांना निरोप दे की कविता सरळ ओलांडा, कुणी तपासत नाही. सूर्यास्ताची वर्णनं एका आड एक वाचा. एमिली रडायला लागली की पान उलटलं तरी चालतं, ती पुढच्या पानावरही रडतच असते. पण लुडोव्हिको नावाचा नोकर एका भुताच्या खोलीत रात्र काढायला एकटा बसतो आणि सकाळी खोली आतून बंद असताना तो गायब असतो, ते मात्र सोडू नका, तो भाग रात्रीच वाचा. त्याचाही खुलासा पुढे येतो. सांगत नाही. नणंदेला विचारू नका.

आणि हो, तू लिहिलं नाहीस पण बाईंनी छापील प्रत घेतली असणार, त्या वयात फोनवर सातशे पानं कोण वाचेल. त्यांना ती रद्दीत घालायची असेल तर थांबव. माझ्या प्रतीचा पहिला खंड बाइंडिंगमधून सुटून कधीचा हरवलाय, मी किल्ल्यापासूनच सुरू करते हल्ली. पोस्टाचा खर्च मी देईन. फक्त मेणाच्या पानावर त्यांनी समासात काही लिहिलं असेल तर ते खोडू नका म्हणावं.